लॅपटॉपचं विरजण

दह्याचं भांडं घासायला टाकण्याआधी चमचाभर विरजण वाटीत काढून ठेवायचं, हे आपल्यापैकी कुणालाही शिकवावं लागत नाही. एखाद्या दिवशी विसरलंच, तर शेजारणीचं दार असतंच. पण २०२५च्या दिवाळीच्या सुटीत मी एक भांडं विरजण न काढताच घासायला दिलं, आणि त्याचं विरजण शेजारणीकडेही मिळेना. ते भांडं म्हणजे आमचा लॅपटॉप!

झालं असं, की त्याच महिन्यात, १४ ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्टनं ‘विंडोज १०’ची नेहमीची देखभाल बंद केली. आमचा लॅपटॉप २०१९चा. सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा, की तेवढ्यात कुकरच्या तीन शिट्ट्या व्हाव्यात. हे म्हणाले, “एकदाचा साफ करून त्यात विंडोज ११ घालून घेऊ या.” उलव्यात आम्ही राहायला आलो तेव्हा साध्या झेरॉक्ससाठीही पायपीट व्हायची, आता दुकानं पुष्कळ झालीत, पण हे काम ह्यांनी ऑफिसच्या वाटेवरच्या एका दुकानात सोपवलं. दुकानदाराचा फोन आला, “ताई, बॅकअप घेतलाय ना?” मी मोठ्या ऐटीत “हो” म्हटलं. मुलांचे फोटो, सहलींचे, मुंजीचे, सगळे बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवले होते. बॅकअप म्हणजे फोटो, एवढीच माझी समजूत!

लॅपटॉप घरी आला तो अगदी तुरुतुरु पळायला लागला. दुकानदारानं वर सांगितलं होतं, “एक जुना पार्टिशन उगीच जागा अडवून बसला होता, तोही काढून टाकला.” आम्ही त्याचे आभार मानले, मैत्रिणींनो! थोड्याच दिवसांत पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात फिकट अक्षरं उमटली, ‘अ‍ॅक्टिव्हेट विंडोज’. लॅपटॉपबरोबर विकत घेतलेलं ऑफिस गायब. आणि मी शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिका उघडल्या, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. सहा वर्षांचे पेपर! ते सगळे मी युनिकोडच्या आधीच्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले. फाइली शाबूत, पण तो फॉन्ट साफसफाईत गेलेला. आमच्या शाळेतल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर तोच फॉन्ट सापडला म्हणून निभावलं. तुमच्याकडे अशा जुन्या मराठी फाइली असतील, तर फॉन्टची फाइलसुद्धा फोटोंइतकीच जपून ठेवा.

मग मात्र मी हे प्रकरण नीट समजून घ्यायचं ठरवलं. तो ‘उगीच जागा अडवून बसलेला’ पार्टिशन म्हणजेच आपलं विरजण. लॅपटॉपच्या डिस्कमध्ये एक कप्पा कंपनीनं राखून ठेवलेला असतो, त्याला रिकव्हरी पार्टिशन म्हणतात. विंडोज बिघडलं, तर त्यातून पुन्हा उभं करता यावं यासाठी तो असतो. जुन्या, विंडोज ७च्या काळातल्या लॅपटॉपांत या कप्प्यात अख्खं विंडोज, त्या लॅपटॉपचे ड्रायव्हर आणि कंपनीनं दिलेली इतर सामग्री असायची. दहा-पंधरा जीबी जागा सहज जायची. त्यावरून तीन-चार डीव्हीडी तयार करून ठेवा, असं लॅपटॉपच सांगायचा आणि आपण ‘नंतर’ म्हणून ती सूचना बंद करायचो. विंडोज १० आणि ११मध्ये हा कप्पा बहुधा एक जीबीच्या आतबाहेर असतो. त्यात दुरुस्तीची हत्यारं असतात, बाकीचं सामान विंडोज स्वतःच्याच फाइलींतून गोळा करतं.

यातली गोम तुमच्या लक्षात आली असेल. विरजण आहे, पण त्याच भांड्यात! डिस्कच नासली, किंवा कुणी सगळे पार्टिशन पुसून टाकले, की दह्याबरोबर विरजणही गेलं. म्हणून ते लॅपटॉप धडधाकट असतानाच बाहेर काढायचं.

ही सोय विंडोजमध्येच आहे, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. एक कोरा पेन ड्राइव्ह मात्र हवा. सोळा जीबी पुष्कळदा पुरतो, पण बत्तीसचाच घ्या म्हणजे रुखरुख नको. कोरा असं मुद्दाम म्हटलं, कारण त्यावर आधी जे असेल ते सगळं पुसलं जातं. लॅपटॉपला चार्जर लावून ठेवायचा. खालच्या शोधाच्या चौकटीत ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ असं इंग्रजीत टाइप केलं, की ‘क्रिएट अ रिकव्हरी ड्राइव्ह’ असं दिसतं. ते उघडल्यावर ‘बॅक अप सिस्टीम फाइल्स टू द रिकव्हरी ड्राइव्ह’ या ओळीपुढे खूण आहे ना, तेवढं डोळ्यांत तेल घालून बघायचं. ती खूण नसली, तर पेन ड्राइव्हवर नुसती हत्यारं येतात, विंडोज येत नाही. म्हणजे वाटी घेतली आणि विरजण घालायचं राहिलं. पुढे तासभर, कधी दोन तासही लागतात. भाजी निवडून, पोळ्या लाटून होतात तेवढ्यात. (विंडोज ८ असलेल्या एखाद्या लॅपटॉपवर काम संपल्यावर ‘आता डिस्कवरचा रिकव्हरी पार्टिशन पुसू का?’ असं विचारलं जातं. नाहीच म्हणायचं!) या पेन ड्राइव्हवर आपले फोटो, हिशेब, पेपर यांतलं काहीही येत नाही, ते वेगळे उतरवायचे.

आणखी दोन-चार गोष्टी आहेत, पैकी सर्वांत महत्त्वाची मला वाटते ती खात्याची. आपण दुकानातून नवा लॅपटॉप घेतो तेव्हा तिथला मुलगा पटकन एक ई-मेलचा पत्ता बनवतो, त्यावरच विंडोज आणि ऑफिस चालू करून देतो, आणि पासवर्ड खोक्यावर पेन्सिलीनं लिहितो. खोकं आपण रद्दीत देतो. आमचं ऑफिस गेलं ते असंच, कारण ते त्या खात्याला बांधलेलं होतं. आणखी एक घोटाळा याच खात्यापाशी होतो. हल्लीच्या पुष्कळ लॅपटॉपांची डिस्क कुलूपबंद असते आणि तिची ४८ आकडी किल्ली बहुधा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती मिळाली नाही, तर आपलेच फोटो आपल्यालाच दिसत नाहीत. मी ते आकडे वहीत उतरवून घेतले, गॅसच्या पुस्तकाशेजारी. सेटिंग्जमध्ये बघून विंडोजचं पूर्ण नावही लिहून ठेवा. आपल्याकडच्या घरगुती लॅपटॉपांवर बहुधा ‘होम सिंगल लँग्वेज’ असतं. दुकानवाले वर ‘प्रो’ घालून देतात आणि मग ते परवाना मागतं. विंडोज ८पासून परवान्याची किल्ली सहसा लॅपटॉपच्या मदरबोर्डमध्येच असते, त्यामुळे मी पुन्हा ‘होम सिंगल लँग्वेज’ घातल्याबरोबर कोपऱ्यातली ती अक्षरं आपोआप गेली. पैसे भरावे लागले नाहीत.

लॅपटॉपच्या पोटाखालचा अनुक्रमांकही टिपून घ्यावा. डेल, लेनोवो या कंपन्या त्या आकड्यावरून पुष्कळ मॉडेलांचं मूळ विंडोज पुन्हा उतरवून देतात. म्हणजे शेजारीण अगदीच नाही असं नाही. पण त्यासाठी दुसरा चालू कॉम्प्युटर आणि चांगलं इंटरनेट लागतं. वाय-फायचा ड्रायव्हरही आधीच उतरवून ठेवलेला बरा. नवं विंडोज घातलं आणि त्याला आपला वाय-फाय ओळखता आला नाही, तर ड्रायव्हर आणायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला ड्रायव्हर हवा, असं होऊन बसतं.

मध्यंतरी वन्सं उरणहून आल्या. २०२४च्या जानेवारीपासून लोकल थेट उरणपर्यंत जाते, त्यामुळे त्या बामणडोंगरीला उतरतात आणि चालत घरी येतात. त्यांच्या लॅपटॉपवरही अजून विंडोज १०च होतं. “अगं, तो आमचा मुलगा म्हणतोय, फॉरमॅट मारून टाकू. तू काय म्हणतेस?” मी म्हटलं, “वन्सं, आधी जेवून घ्या आणि लॅपटॉप माझ्याकडे द्या.” त्यांचा लॅपटॉप विंडोज ११च्या अटींत बसत होता, त्यामुळे काहीही न पुसता नुसती बढती देता येणार होती. बढतीनंतर नाही पटलं, तर दहा दिवसांच्या आत मागं फिरायची सोयही विंडोजमध्ये आहे. तरी आधी पेन ड्राइव्ह केलाच.

आणि तो तपासून पाहिला. हे बहुतेक जण विसरतात. पेन ड्राइव्ह लावून लॅपटॉप पुन्हा सुरू करायचा आणि सुरू होतानाच डेल-लेनोवोवर एफ १२, एचपीवर एफ ९ दाबून त्या पेन ड्राइव्हवरून उघडायचा. कीबोर्ड निवडायचा पडदा आला, पुढे ‘ट्रबलशूट’मध्ये ‘रिकव्हर फ्रॉम अ ड्राइव्ह’ दिसलं, की काम चोख झालं. तिथून मागं फिरायचं आणि लॅपटॉप बंद करायचा. उत्साहाच्या भरात पुढचं बटण दाबलंत, तर सगळं पुसलं जाईल! वन्संचा हात तिथंच जायला लागला होता, मी धरला.

त्यांचा पेन ड्राइव्ह पाकिटात घालून वर तारीख आणि लॅपटॉपचं नाव लिहिलं. ज्या लॅपटॉपचा, त्यालाच तो वापरायचा आणि वर्षातून एकदा नवा करायचा, म्हणून तारीख हवी. वन्सं म्हणाल्या, “माझा तुझ्या कपाटात असू दे, तुझा मी घेऊन जाते.” माझं पाकीट आता उरणला त्यांच्या दागिन्यांच्या डब्यात आहे.