भूक आवरणारं जनुक

१९४९ साली अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेत काही उंदीर खा-खा खाऊन बेढब जाड झालेले दिसले. दोष आनुवंशिक होता, पण नेमकं बिघडलं काय? पुढे डग्लस कोलमन यांनी असा एक लठ्ठ उंदीर आणि एक साधा उंदीर यांचं रक्ताभिसरण जोडलं. लठ्ठोबाची भूक चक्क ओसरली! म्हणजे ‘पुरे आता’ असं रक्तातून सांगणारं काहीतरी त्याच्याकडे बनतच नव्हतं.

ते ‘काहीतरी’ बनवणारं जनुक १९९४ मध्ये रॉकफेलर विद्यापीठातल्या जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने शोधलं. जीनोमची तयार यादी तेव्हा नव्हतीच. शेकडो उंदरांच्या संकरातून सहाव्या गुणसूत्रावरचा पट्टा लहान लहान करत जावं लागलं. मला पुरावा फार आवडतो: हे जनुक मुख्यतः चरबीच्या पेशींत चालू असतं आणि त्या लठ्ठ उंदरात डीएनएचं एकच अक्षर बदलल्याने १६७ अमिनो आम्लांचं प्रथिन १०५व्या जागीच तुटतं. हेच लेप्टिन. माणसात त्याचं जनुक सातव्या गुणसूत्रावर आहे.

लठ्ठपणावर रामबाण मिळाला, असं वाटलं होतं. तसं झालं नाही, कारण बहुतेक लठ्ठ माणसांत लेप्टिन भरपूर असतं, मेंदूच दाद देत नाही. जन्मतः लेप्टिन न बनणाऱ्या मोजक्या मुलांना मात्र त्याच्या इंजेक्शनने उत्तम गुण येतो.