घडीच्या चाकूची मूठ

चाकूची परीक्षा आपण बहुधा पात्यावरून करतो. परंतु घडीच्या चाकूत कारागिराचे कसब मुठीत पणास लागते. साध्या सुरीची मूठ धरण्यापुरती असते. घडीच्या चाकूची मूठ हे पात्याचे म्यानही असते. दोन पातळ पट्ट्यांमधील फटीत पाते मिटते आणि एका आडव्या खिळ्याभोवती फिरते. पट्टी दमट हवेत फुगली तर पाते अडकते. वाळून वाकली तर खिळखिळे होते. म्हणून मुठीसाठी पातळ कापली तरी न तडकणारी द्रव्ये शोधावी लागली. हस्तिदंत, शिंग, हाड व शिसवीसारखी घट्ट लाकडे ही त्यांपैकी प्रमुख होत.

यांपैकी हस्तिदंताचे कोरीवकाम वाराणसीत किती जुने आहे, हे पाली जातककथांवरून दिसते. सीलवनाग जातकात वाट चुकलेल्या एका माणसास हत्ती वाराणसीच्या रस्त्याला आणून सोडतो. तो माणूस नगरीतील दंतकारांच्या आळीत जाऊन विचारतो, जिवंत हत्तीचा दात घ्याल काय? मेलेल्या हत्तीच्या दातापेक्षा त्याचे मोल पुष्कळ अधिक, असे उत्तर मिळताच तो करवत घेऊन उपकारकर्त्याकडेच परततो. कथा नीतिपर असली, तरी तिच्यातील भावाची चौकशी अगदी व्यवहारी आहे. ताज्या दातात पाण्याचा अंश अधिक असतो, त्यामुळे तो कोरण्यास सोपा जातो. जुना, वाळलेला दात तडकतो.

हस्तिदंत म्हणजे हत्तीच्या वरच्या जबड्यातील वाढलेले कृंतक दात. त्यांचा बराच भाग कवटीत रुतलेला असल्याने संपूर्ण दात काढायचा तर हत्तीचा जीव घ्यावा लागे. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 1986 साली दुरुस्ती होऊन भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. 1991 साली आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंतावरही बंदी आली.

सांबराच्या शिंगाची गोष्ट निराळी. ते खरे पाहता हाडच असते. दरवर्षी गळते व पुन्हा उगवते. त्याचे बाहेरचे कवच घट्ट, गाभा सच्छिद्र. म्हणून मुठीसाठी वरचा खडबडीत भाग घेतात. इंग्लंडातील शेफिल्डच्या चाकूकारांना ही शिंगे भारतातून जात. गळलेले शिंग उचलल्याने जनावर मरत नाही, परंतु गळलेले कोणते आणि शिकारीचे कोणते, हे बाजारात कोण सांगणार? भारताने पुढे ती निर्यातही थांबवली.

गवा, म्हैस यांचे शिंग मात्र आपल्या नखांप्रमाणे केराटिनाचे असते. ते उष्णतेने मऊ होते. कोकणात विजयदुर्गाच्या बाजूस गव्याच्या शिंगाचे कारागीर त्याला खोबरेल तेल लावून विस्तवासमोर धरीत आणि मऊ झाले की हवा तो आकार देत. म्हशीच्या शिंगाची सपाट पट्टीही अशीच शेकून व दाबून करता येते. आज गवा संरक्षित आहे. म्हशीची शिंगे व हाडे मात्र कारागिरांना उपलब्ध आहेत. चित्रपटांमुळे मराठी वाचकास रामपुरी चाकू ठाऊक असतो. त्या रामपूरच्याच शेजारच्या संभल जिल्ह्यात, सराय तरीन येथे, शिंग व हाड यांच्या वस्तू बनतात.

मूठ कशाची आहे, हे भिंगाने पुष्कळसे ओळखता येते. हाडात बारीक काळसर ठिपके वा रेघा दिसतात; त्या रक्तवाहिन्यांच्या नलिका होत. दात आडवा कापला असता परस्परांना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. सायबेरियाच्या गोठलेल्या भूमीत सापडणाऱ्या मॅमथाच्या दातातही ही जाळी असते, परंतु बाहेरील कडेजवळ तिच्या रेषा लघुकोन करतात. आजच्या हत्तीच्या दातात तेथे विशालकोन आढळतो. जुना माल म्हणून नवा हस्तिदंत खपवणाऱ्याची लबाडी अशा कोनावरून उघडी पडू शकते. शिंगात ठिपके नसतात आणि जाळीही नसते, थरांचे पापुद्रे तेवढे दिसतात. ज्या उष्णतेने ते घडते, तिनेच ते बिघडतेही. म्हणून शिंगाच्या मुठीचा चाकू कढत पाण्यात बुडवू नये. धुतल्यावर तो लगेच पुसून मुठीला तेलाचा हात द्यावा.