दोन ‘प्रति’ आणि एक ‘मि.’ : पशुवैद्यकीय मात्रागणिताची भाषा

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत रायपूर व नागपूर ही शहरे एकाच राज्यात होती. आज रायपूरच्या शंकर नगरसारख्या वस्तीतील मराठी घरात बाहेरचा व्यवहार हिंदीत, औषधाची चिठ्ठी इंग्रजीत आणि आजारी जनावराची काळजी मराठीत, अशी विभागणी स्वाभाविक ठरते. शिरेवाटे अखंड द्यावयाच्या औषधाची मात्रा या तिन्ही भाषांतून प्रवास करते. तेथे भाषांतराचा प्रश्न जिवाशी येऊन भिडतो.

काही औषधे रक्तातून त्वरेने नाहीशी होतात. त्यांची पातळी स्थिर राखण्यासाठी पहिल्या मात्रेनंतर संथ, अखंड पुरवठा करावा लागतो. हृदयाच्या निलयांत उद्भवणाऱ्या घातक अनियमित ठोक्यांसाठी कुत्र्याला लिग्नोकेन प्रथम किलोमागे सुमारे २ मिलिग्रॅम सावकाश दिले जाते. त्यानंतर दर किलोमागे दर मिनिटाला २५ ते ८० मायक्रोग्रॅम. मांजरांना हे औषध अधिक बाधते, म्हणून हे आकडे त्यांना लागू होत नाहीत.

२० किलो वजनाचे कुत्रे व ५० मायक्रोग्रॅमचा दर घेतल्यास मिनिटाला १००० मायक्रोग्रॅम, म्हणजे १ मिलिग्रॅम औषध लागते. तासाला ६० मिलिग्रॅम. दोन टक्के द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम औषध असल्याने तासाला ३ मिलिलिटर पुरतात. इतका अल्प प्रवाह पंपाविना राखणे अवघड असते. म्हणून ५०० मिलिलिटर सलाइनमधून ३० मिलिलिटर काढून तेवढेच औषध मिसळतात आणि तासाला ५० मिलिलिटर सोडतात. मिलिलिटरला ६० थेंब देणाऱ्या संचातून हा वेग मिनिटाला ५० थेंब होतो. बाटली १० तास चालते.

या गणितात ‘प्रति’ दोनदा येतो : एकदा वजनाशी, एकदा काळाशी. मराठीतील ‘किलोमागे’ आणि ‘मिनिटाला’ ही रूपे हा भेद स्पष्ट राखतात. संक्षेपात मात्र तो पुसला जातो. ‘मि.’ हे अक्षर ‘मि.ग्रॅ.’मध्ये मिलिचे, तर एकटे असताना मिनिटाचे निदर्शक असते. हिंदीतही स्थिती तीच. मिनिटाऐवजी तास वाचला गेल्यास मात्रा साठपट घटते आणि ठोके आवरत नाहीत. मायक्रोऐवजी मिलि वाचले गेल्यास ती हजारपट वाढून झटके व मृत्यू संभवतो. साहित्याच्या अनुवादात संदिग्धता अर्थसमृद्धीचे साधन ठरू शकते. येथे मात्र एकके पूर्ण शब्दांत लिहिणे आणि ती मोठ्याने वाचून पडताळणे, हाच अनुवादकाचा धर्म होय.