चिंतेवरील दोन औषधें

एकत्र कुटुंबांत औषधांची पेटीहि सामाईक असते. छातींत धडधडतें, झोंप लागत नाहीं, असें सुनेनें म्हणतांच सासूबाई मायेनें आपली अल्प्राझोलामची गोळी पुढें करतात. तासाभरांत जीव शांत होतो. आणि फसगत होते ती येथेंच! लिओ स्टर्नबाख यांच्या शोधांतून १९६० सालीं लिब्रियम बाजारांत आलें. अल्प्राझोलाम त्याच कुळांतलें. गुण तत्काळ, पण कांहीं आठवड्यांतच शरीर त्याला सरावतें. मग गोळी एकाएकीं बंद केल्यास चिंता दुणावते, क्वचित् झटकेहि येतात. वृद्धांस तर तोल जाऊन पडण्याचें भय. म्हणजे ती गोळी सासूबाईंनाहि तितकीशी निर्धोक नव्हेच.

सर्ट्रालीन, एस्सिटालोप्रॅम यांची रीत उलट. गुण दिसण्यास २ ते ६ आठवडे लागतात. आरंभीं मळमळ, कधीं बेचैनीहि. म्हणून पुष्कळजण चौथ्या दिवशींच तीं टाकून देतात. वास्तविक दीर्घकाळच्या चिंताविकारावर डॉक्टर बहुधा प्रथम हींच योजतात, कारण त्यांची तशी चटक लागत नाहीं. मात्र सोडतांना तींहि हळूहळूच सोडावीं लागतात. कित्येकदां आरंभींच्या थोड्या दिवसांपुरती पहिल्या कुळांतली गोळीहि जोडून देतात. ती कधीं थांबवावयाची, हें त्याच भेटींत विचारून घ्यावें.