होल्ट्स म्हणजे लाकूड, पण…

इंग्रजीतला ‘वुड’ जर्मनमध्ये न्यायचा तर पहिला प्रश्न, लाकूड की रान? लाकूड असेल तर ‘होल्ट्स’, रान असेल तर ‘वाल्ट’. मराठी माणसाला यात अवघड काही नाही, आपणही ओंडका आणि अरण्य एकाच शब्दात कोंबत नाही. शिवाय ‘होल्ट्स’ नपुंसकलिंगी, आपल्या ‘ते लाकूड’सारखंच. जर्मन शिकताना अशी फुकटची सवलत क्वचित मिळते, घेऊन टाकावी.

खरी गंमत जोडशब्दांत आहे. ‘झ्यूसहोल्ट्स’ म्हणजे गोड लाकूड. ओळखलंत? खोकल्यावर आजी चघळायला द्यायची तो ज्येष्ठमध! त्याचं संस्कृत नाव यष्टिमधु, म्हणजे गोड काठीच. जर्मन मंडळी या ज्येष्ठमधाचा कीस पाडतात तेव्हा ते औषध करत असतीलच असं नाही. कुणी लाडीगोडी लावायला लागला की ‘हा झ्यूसहोल्ट्स किसतोय’ म्हणतात. आपली साखरपेरणी, दुसरं काय!

‘होल्ट्सवेग’ ही जंगलातून ओंडके ओढून आणायची वाट. ती कुठल्या गावाला जात नाही, रानातच संपते. म्हणून ज्याचं गणित साफ चुकलंय तो ‘होल्ट्सवेगवर’ असतो. तत्त्वज्ञ हायडेगरला मात्र ही वाट भलतीच आवडली असावी, १९५० साली आलेल्या निबंधसंग्रहाला त्याने हेच नाव दिलं.

काडेपेटीतली काडी म्हणजे ‘श्ट्राइशहोल्ट्स’, घासायचं लाकूड. तिच्या चिमुकल्या पेटीला ‘श्ट्राइशहोल्ट्सशेश्टेल्शन’ म्हणतात. एका दमात म्हणून दाखवा.

सॅक्सोफोन पितळेचा, तरी जर्मन वाद्यवृंदात तो ‘होल्ट्स’वाल्यांच्याच पंगतीत, कारण त्याचा सूर वेताच्या पातळ पट्टीतून निघतो. दृष्ट लागू नये म्हणून लाकडावर टकटक करायची रीत तिथेही आहे. विद्यापीठात तर व्याख्यान आवडलं की विद्यार्थी टाळ्या न वाजवता बाकांवर बोटांची पेरं आपटतात. नवख्या पाहुण्या प्राध्यापकाला वाटावं, पोरं वैतागली!

आणि हो, बॉनमध्ये जन्मलेले डीट्रिश ब्रांडिस १८६४ साली हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक झाले. त्याआधी ब्रह्मदेशातली सागाची जंगलं तेच सांभाळत होते. त्या सागाला जर्मनमध्ये म्हणतात ‘टीकहोल्ट्स’, आणि त्यातला ‘टीक’ मुळात मल्याळममधला ‘तेक्कु’ आहे.