मार्गदर्शक ग्रंथाची दोन कार्ये : कर्जत-खालापूर परिसरातील दुर्गवाङ्मय आणि प्रवाशांचे मतभेद

१

प्रवासमार्गदर्शक ग्रंथाचा लेखक एकदा कीर्तिमान झाला की त्याच्याविषयी प्रवाशांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, या ग्रंथाने आम्हाला प्रदेश पाहावयास शिकविले. दुसरा म्हणतो, या ग्रंथाच्या भरवशावर आम्ही वाट चुकलो. असे मतभेद केवळ रुचिभेद म्हणून सोडून देण्याकडे आपला कल असतो. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांचे मूळ रुचीत नसून भाषेत आहे. एकाच ग्रंथातील वाक्ये परस्परांहून भिन्न अशी दोन कार्ये करीत असतात आणि वाचक एका कार्याच्या मापाने दुसऱ्याचे मोजमाप करतात, हे या लेखात दाखवावयाचे आहे.

विवेचनासाठी कर्जत व खालापूर हे रायगड जिल्ह्यातील दोन तालुके आणि त्यांच्या माथ्यावरील घाटाची कड एवढाच टापू घेतला आहे. राजमाची, ढाक, पेठ, पदरगड, पेब, इर्शाळगड ही स्थळे मराठी दुर्गवाङ्मयात वारंवार येतात. मुंबई व पुणे या दोन्ही शहरांतील वाचक लोहमार्गाने येथे सहज पोहोचतात. आणि ज्यांच्या वाड्यांमधून या वाटा जातात ते ठाकर व कातकरी समाज त्या वाटांची स्वतःची अशी भाषा बोलतात. छापील शब्द आणि पायाखालची जमीन यांची तुलना करण्यास हा टापू म्हणून सोयीचा आहे.

२

मराठीत स्थलमार्गदर्शनाची परंपरा अर्वाचीन नव्हे. चौदाव्या शतकातील महानुभावीय ‘स्थानपोथी’ हा तिचा ठळक नमुना होय. चक्रधरस्वामींच्या वास्तव्याने पवित्र मानलेली स्थाने कोणत्या गावी, गावाच्या कोणत्या दिशेस, देवळाच्या कोणत्या अंगास आहेत याची नोंद तीत आहे. ठिकाण सापडावे हा तिचा हेतू असल्याने वर्णनाचा फुलोरा तीत नाही. श्रद्धा वाचकाजवळ आधीच आहे, ती उत्पन्न करावयाची नाही, हे तिच्या रचनेत गृहीत आहे.

आधुनिक दुर्गवाङ्मयाला हे गृहीत धरता येत नाही. ज्याला गडावर जाण्याची इच्छाच नाही अशा वाचकापासून त्याला आरंभ करावा लागतो. येथे मीमांसकांची एक जुनी विभागणी उपयोगी पडते. ज्या वाक्याने मनुष्य कर्माकडे प्रवृत्त होतो व काय करावे हे त्याला कळते तो ‘विधी’. आणि त्या कर्माची स्तुती अथवा तदितराची निंदा करणारे वाक्य तो ‘अर्थवाद’. अर्थवाद स्वतंत्रपणे काही करावयास सांगत नाही; विधीशी एकवाक्यता पावूनच त्याला सार्थकता येते, असा जैमिनीय सिद्धान्त आहे. वेदवाक्यांसाठी केलेली ही विभागणी लौकिक ग्रंथाला जशीच्या तशी लागू होणार नाही हे उघड आहे. तथापि मार्गदर्शक ग्रंथातील ‘पठारावरून दिसणारा सूर्यास्त विसरता येत नाही’ आणि ‘टाक्यापाशी वाट सोडून सोंडेवर चढावे’ ही दोन वाक्ये एकाच जातीची नव्हेत, हे ती स्पष्टपणे दाखविते. पहिले वाक्य मनाला हलविते, तर दुसरे पायाला वळविते. पहिल्याची परीक्षा अनुभूतीने होते, दुसऱ्याची खिंडीत उभे राहून.

एकोणिसाव्या शतकात युरोपात बेडेकर या जर्मन प्रकाशकाच्या मार्गदर्शिकांनी प्रेक्षणीय स्थळांपुढे तारका छापण्याची पद्धत रूढ केली. ती तारका म्हणजे एका चिन्हात आवळलेला अर्थवादच होय. मराठी दुर्गलेखक तारका देत नाही, तेच काम तो विशेषणांकडून करवून घेतो.

३

या वाङ्मयातील सर्वांत कीर्तिमान नाव गो. नी. दांडेकर यांचे (१९१६–१९९८). त्यांची ‘माचीवरला बुधा’ (१९५८) ही कादंबरी राजमाचीवर घडते; मुंबई सोडून माचीवर राहावयास गेलेला एक म्हातारा हा तिचा नायक. पुढे ‘दुर्गदर्शन’, ‘दुर्गभ्रमणगाथा’ यांसारख्या ग्रंथांनी गडभ्रमणाची आवड घरोघरी नेली. कर्जतहून कोंदिवड्यामार्गे कोंढाण्याची लेणी ओलांडून राजमाचीची चढण चढणाऱ्या कित्येक मराठी प्रवाशांच्या मनात नकाशापूर्वी हा बुधा असतो.

त्यांच्याविषयी गडांवर हिंडणाऱ्या मंडळींत तीन प्रकारची मते ऐकू येतात. पहिले कृतज्ञतेचे: त्यांच्यामुळे आम्ही दगडांना इतिहास म्हणून पाहू लागलो. दुसरे तक्रारीचे: त्यांच्या पुस्तकात अंतर, वेळ, पाणी आणि फाटे यांची माहिती हवी तशी मिळत नाही. तिसरे खेदाचे: ज्या एकांताची त्यांनी स्तुती केली तो एकांत त्या स्तुतीनेच घालविला, पावसाळ्याच्या तोंडावर काजवे पाहावयास राजमाचीवर लोटणाऱ्या गर्दीत बुधाला बसावयास जागा उरली नाही.

ही तिन्ही मते परस्परविरोधी वाटतात, पण ती नाहीत. तिघेही एकाच गोष्टीची साक्ष देतात: दांडेकरांचे गद्य प्राधान्याने अर्थवादाचे आहे व ते परिणामकारक आहे. पहिला वाचक त्या परिणामाचे ऋण मानतो आणि तिसरा त्याच परिणामाचे फळ भोगतो. दुसरा मात्र त्यात विधी शोधतो आणि विधी न सापडल्याचा दोष लेखकाला देतो. कादंबरी अथवा भ्रमणगाथा हातात धरून फाटा शोधणे हा वाचनप्रकाराचा घोटाळा आहे. मात्र दोष सर्वस्वी वाचकाचा म्हणता येत नाही. ग्रंथालयात आणि विक्रेत्याच्या मांडणीवर ही सर्व पुस्तके शेजारी शेजारी, एकाच ‘दुर्गविषयक’ कप्प्यात असतात; आणि अर्थवाद जितका प्रभावी तितका त्यामागे विधीही असणार असा वाचकाचा समज होतो.

उलट बाजूही पाहावी. वनस्पतिशास्त्राचे अध्यापक प्र. के. घाणेकर यांचे गडविषयक मराठी लेखन किंवा हरीश कापडिया यांचे ‘ट्रेक द सह्याद्रीज’ हे इंग्रजी पुस्तक यांत वाट, पल्ला आणि पाहावयाच्या वस्तू यांना अग्रमान आहे. अशा लेखनाविषयी नेमकी उलटी तक्रार ऐकू येते: माहिती आहे, पण मन लागत नाही. म्हणजे तक्रारदार बदलला, तक्रारीची घडण बदलली नाही.

४

विधिवाक्याची परीक्षा जागेवर होते असे वर म्हटले. त्या परीक्षेत ते कोठे नापास होते याचा विचार आता करावयाचा आहे. या टापूत तीन कारणे प्रमुख दिसतात.

पहिले कारण दिशादर्शक शब्दांचे. ‘डावीकडे’, ‘उजव्या हाताला’ हे शब्द चालणाऱ्याच्या देहाशी बांधलेले आहेत. राजमाचीस लोणावळ्याकडून पठारावरून येता येते व कर्जतकडून चढूनही येता येते. एका बाजूने येणाऱ्याची डावी ती दुसऱ्याची उजवी. लेखक आपण कोठून निघालो हे एकदा प्रकरणाच्या आरंभी सांगतो आणि नंतर विसरतो. वाचक मात्र मधलेच पान उघडतो. ‘स्थानपोथी’च्या कर्त्याने दिशा पूर्व-पश्चिमेने सांगितल्या यातील शहाणपण येथे ध्यानात येते. वाडीतील माणूस तर यांहून तिसरी पद्धत वापरतो. तो ‘वर’, ‘खाली’, ‘घाटावर’, ‘कोकणात’, ‘सोंडेने’, ‘नाळेने’, ‘पदराने’ असे सांगतो. त्याचे शब्द देहाशीही बांधलेले नाहीत आणि सूर्याशीही नाहीत. ते उताराशी बांधलेले आहेत. धुक्यात सूर्य दिसत नाही, उतार मात्र पायाला कळतो. डोंगराचा ‘पदर’ म्हणजे कड्याच्या पोटाशी असलेला सपाटीचा पट्टा, हे ज्याला ठाऊक आहे त्याला एका शब्दात जे कळते ते इतरांना चार वाक्यांत कळत नाही.

दुसरे कारण सापेक्ष विशेषणांचे. खांडसहून भीमाशंकरला दोन वाटा जातात. गणपती घाटाची वाट लांबची पण सोपी. शिडी घाटाची वाट जवळची, पण तीत कातळाला लावलेल्या शिड्या चढाव्या लागतात. ‘सोपी’ आणि ‘जवळची’ ही दोन्ही विशेषणे इष्टार्थक असल्याने घाईचा वाचक त्यांना समानार्थी समजतो. ‘थोडी कसरत करावी लागते’ हा तर दुर्गवाङ्मयातील अत्यंत लाडका वाक्प्रयोग. ढाकच्या बहिरीच्या गुहेकडे जाताना ही ‘थोडी कसरत’ उभ्या कातळावर, खाली दरी असताना करावयाची असते. अनुभवी लेखकाच्या तोंडी हा वाक्प्रयोग विनयाचा असतो, पण नवशिक्या वाचकाला तो अभयवचनासारखा वाटतो. एकाच वाक्याच्या या दोन अर्थांमधील अंतर कधी कधी जिवावर बेतते.

तिसरे कारण नावांचे. ग्रंथात ‘कोथळीगड’, तर गावात ‘पेठचा किल्ला’. ग्रंथात ‘विकटगड’, गावात ‘पेब’. आंबिवलीस कोथळीगडाची वाट विचारली असता समोरच्या वृद्ध गृहस्थांनी प्रस्तुत लेखकास क्षणभर न्याहाळून ‘म्हणजे पेठला जायचं का?’ असे विचारले होते. ग्रंथकार इतिहासातील नाव पसंत करतो कारण त्याला गडाची प्रतिष्ठा सांगावयाची असते. म्हणजे नाव देण्याच्या क्रियेतही अर्थवाद शिरलेला असतो. विधीला मात्र तेथे बोलले जाणारे नावच हवे.

५

या तिन्हींहून गंभीर असे एक चौथे कारण आहे आणि ते क्रियापदाच्या काळाचे आहे. मार्गदर्शक ग्रंथ वर्तमानकाळात लिहिला जातो: वाट जाते, पाणी मिळते, वाडी लागते. मराठीतील हा वर्तमानकाळ चालू क्रियाही सांगतो आणि नित्य क्रियाही सांगतो. ‘सूर्य पूर्वेस उगवतो’ आणि ‘टाक्यात पाणी असते’ या दोन वाक्यांची घडण एकच असल्याने दुसऱ्या वाक्यालाही पहिल्याची शाश्वती आपोआप लाभते. लेखकाने ते टाके कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी पाहिले हे क्रियापद सांगत नाही.

इर्शाळगडाच्या वर्णनात ‘इर्शाळवाडीतून वाट नेढ्याकडे चढते’ अशा आशयाचे वाक्य अपरिहार्य होते. खालापूर तालुक्यातील ही ठाकरांची वाडी गडाच्या खांद्यावर होती. गडावर जाणाऱ्यास पाणी, सावली आणि वाटाड्या तेथे मिळे. १९ जुलै २०२३ च्या रात्री अतिवृष्टीत डोंगराचा भाग वाडीवर कोसळला. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे सापडली नाहीत आणि २३ जुलैला शोधकार्य थांबविण्यात आले. छापलेली वाक्ये मात्र वर्तमानकाळातच राहिली. ग्रंथालयातील प्रतीत इर्शाळवाडी आजही ‘लागते’.

येथे प्रश्न केवळ माहिती कालबाह्य झाल्याचा नाही. त्या वाक्यांत वाडी ही खूण म्हणून आली होती, वस्ती म्हणून नव्हे. टाके, कातळ, आंब्याचे झाड आणि वाडी या सर्वांचे व्याकरणिक स्थान एकच होते: वाटेवर ‘लागणारी’ वस्तू. जी माणसे वाट सांगत होती त्यांची घरेच वाटेच्या वर्णनातील एक खूण झाली होती. आज कोणी त्या वाक्याचा काळ बदलून ‘लागत असे’ असे करील. परंतु ‘लागणे’ हे क्रियापदच तेथे अपुरे होते, हे त्या रात्रीनंतर तरी आपल्याला कळावयास हवे.

६

आता कीर्तीच्या प्रश्नाकडे वळता येईल. चित्रपट-अभिनेते मिलिंद गुणाजी यांनी ‘माझी मुलुखगिरी’सारखे लेखन केले आणि दूरचित्रवाणीवरील ‘भटकंती’ या मालिकेतून गडकोट घरात आणले. अशा लेखकाविषयीची मते ग्रंथ उघडण्यापूर्वीच ठरलेली असतात. एक वाचक ओळखीच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवतो. दुसरा त्याच चेहऱ्यामुळे अविश्वास धरतो. दोघेही एका क्षेत्रातील कीर्तीवरून दुसऱ्या क्षेत्रातील प्रामाण्याचे अनुमान करतात आणि दोघांचेही अनुमान सदोष आहे. चेहऱ्यावरून विधिवाक्य खरे ठरत नाही, तसे खोटेही ठरत नाही.

मग प्रामाण्य कशाने ठरावे? न्यायदर्शनात शब्दप्रमाणाचा आधार ‘आप्त’ हा सांगितला आहे. वस्तू ज्याने साक्षात जाणली आहे आणि ती जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त, असे वात्स्यायनांचे विवरण आहे. आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांस सारखेच लागू पडते असे त्यांनी लगेच जोडले आहे. या कसोटीवर गडाच्या वाटेपुरता सर्वांत मोठा आप्त वाडीतील ठाकर ठरतो. कीर्तिमान लेखकांनीही वाट बहुधा त्यालाच विचारलेली असते. फरक एवढाच की त्याचा शब्द ग्रंथात उतरताना ‘नाळ’, ‘पदर’, ‘सोंड’ यांच्या जागी ‘डावीकडे’ आणि ‘थोडी कसरत’ येते.

यावरून प्रवाशांच्या मतभेदांचा निर्णय असा करता येईल. अर्थवादासाठी दांडेकर वाचावेत आणि त्यांच्याकडे पाण्याच्या टाक्याचा हिशेब मागू नये. विधीसाठी जो ग्रंथ निवडावा त्यात लेखक कोणत्या बाजूने चढला, कोणत्या महिन्यात व कोणत्या वर्षी चढला, आणि स्थळांची बोलली जाणारी नावे कोणती, हे सांगितलेले आहे की नाही ते आधी पाहावे. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना येथे एक काम मोकळे आहे. घाटाच्या कडेवरील वाड्यांतील दिशावाचक व भूरूपवाचक शब्दांचा संग्रह, ते बोलणारी माणसे जागेवर आहेत तोवर केला पाहिजे. इर्शाळवाडीत कोणते शब्द बोलले जात होते याची चौकशी आज करावयाची झाली तर ती गडाच्या खांद्यावर करता येणार नाही. जे वाचले त्यांना शोधून, त्यांच्यासमोर बसून आणि त्यांची अनुमती घेऊन करावी लागेल.