हातोड्याला आता विद्येची जोड द्या!

नगर-मनमाड रस्त्याने निघालात की कडेला गॅरेजे दिसू लागतात. पत्र्याची शेड, दारात चेपलेली मोटार आणि आतून हातोड्याचा आवाज. डेंटिंग-पेंटिंगचा हा धंदा. येथे राबणाऱ्या पोरांत आम्हाला शाळा सुटलेले, भूमिहीनांच्या घरातले, मोहल्ल्यांतले आणि आपल्या वस्त्यांतले तरुण भेटतात. गावगाड्याने हा धंदा कुणाच्या जातीला चिकटवलेला नाही. उस्तादाच्या हाताखाली राबून पोरांनी तो कमावला आहे. म्हणूनच तो बुडता कामा नये, असे आम्हाला वाटते.

संकट खरे आहे. पूर्वी पत्रा तापवला, ठोकला, पुट्टी भरली, रंग मारला की काम संपत असे. आता मोटारीच्या सांगाड्यात जास्त ताकदीचे पोलाद वापरतात. ते गॅसवर तापवले तर त्याची ताकद जाते. गाडी वरून चकाचक दिसते, पण पुढच्या अपघातात तोच खांब दुमडतो आणि जीव आतल्या माणसाचा जातो. नव्या गाड्यांत काचेमागे कॅमेरा आणि बंपरमध्ये सेन्सर आले आहेत. ते बसवताना जरा तिरके झाले तरी गाडी रस्ता चुकीचा वाचते. नगरची ओळख असलेली लूनासुद्धा २०२४ साली विजेवर आली. विजेच्या मोटारीत बॅटरीची जोडणी नीट न तोडता वेल्डिंग करणे म्हणजे मरणाला बोलावणे.

दुसरा घाव पैशाचा. विम्याची कॅशलेस सोय कंपनीने ठरवलेल्या गॅरेजांतच मिळते, म्हणून गिऱ्हाईक तिकडे वळते. सुटे भाग आणि तपासणीची यंत्रे स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणाऱ्या १४ मोटार कंपन्यांना भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. कंपन्या अपिलात गेल्या. २०२२ साली केंद्राने 'दुरुस्तीच्या हक्का'चे संकेतस्थळ काढले, त्यात मोटारीही आहेत. पण हक्क मागणारा संघटित नसेल तर हक्क कागदावरच राहतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

मग करायचे काय? आयटीआयमध्ये मोटारीचा सांगाडा दुरुस्त करण्याचा आणि रंगकामाचा असे एक-एक वर्षाचे दोन स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. पोरांना तिकडे पाठवा. एकट्या गॅरेजला सांगाडा सरळ करण्याचे बेंच, रंगाची बंद खोली आणि स्कॅनर परवडत नाही. पाच जणांनी मिळून घ्या. याच जिल्ह्यात प्रवरानगरला शेतकऱ्यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. ऊसवाल्यांना जे जमले ते हातोडेवाल्यांना का जमू नये? प्रत्येक कामाचे फोटो, लेखी अंदाज आणि पक्के बिल ठेवा, म्हणजे विम्याच्या सर्वेक्षकापुढे मान खाली जाणार नाही. आणि रंग मारताना तोंडाला नुसता रुमाल नको. हार्डनर मिसळलेल्या रंगाच्या फवाऱ्याने दमा जडतो. योग्य मास्क ही चैन नव्हे.

सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने विश्वकर्मा योजना आणली. तिच्या यादीत १८ पारंपरिक धंदे आहेत, डेंटिंग-पेंटिंग नाही. बापाचाच धंदा पुढे चालवा, कर्ज देतो, असा हा मामला. १९३६ सालीच बाबासाहेबांनी 'जातिसंस्थेचे उच्चाटन'मध्ये दाखवून दिले होते की जात माणसाचा धंदा निवडण्याचा हक्कच हिरावून घेते. ज्या पोराने जातीबाहेरचा धंदा स्वतः निवडला, त्याच्यासाठी सरकारच्या यादीत ओळ नसेल तर ती मागावी लागेल. चळवळीने हा प्रश्न हाती घ्यावा.

उस्तादांनो, तुम्ही पोरांच्या हातात कला दिलीत. आता त्याच हातात वही-पेनही द्या. उद्याची मोटार नुसत्या ठोकण्याने सरळ होणार नाही.